टोकावरचा कान

नकाशात त्याला भूशिर म्हणतात. गावातले लोक नुसतं टोक म्हणतात. जमीन तिथं अरुंद होत होत समुद्रात शिरते आणि पुढं काही सुचत नसल्यासारखी थांबते. शरद लागला, की उत्तरेकडची पाखरं दक्षिणेला निघतात. लहान पाखरांना समुद्राची धास्ती असते. ती किनारा धरून येतात, आणि किनारा त्यांना नरसाळ्यात ओतल्यासारखा या टोकाशी आणून सोडतो. पुढं पाणीच पाणी. तेव्हा कुठं ती उंच होतात आणि जातात.

टोकावर पत्र्याची एक खोली आहे, तिच्यापुढं कमरेएवढी दगडी भिंत. खोली पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राची. त्या दिवसांत उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत चारदोन माणसं भिंतीशी उभी राहून जाणारी पाखरं टिपतात. ससाणे, बगळे ही डोळ्यांची कामं. दुर्बीण असली की भागतं. पण धुकं असतं तेव्हा, आणि ते बहुधा असतंच, लहान पाखरं त्याच्या वरून जातात. दिसत काही नाही. वरून एक बारीक आवाज तेवढा पडतो, सुई फरशीवर पडावी तसा, आणि तोही एकदाच. तो झेलायचा आणि नाव सांगायचं. हे काम करणाऱ्याला टोकावर ‘कान’ म्हणतात. कान मोठ्यानं नाव पुकारतो, मागं बसलेला माणूस कागदावर रेघ मारतो. त्या रेघेवर कुणी शंका घेत नाही. घेणार कशी? आवाज तर गेला.

तिचा नवरा टोकाचा कान होता.

तिला सगळे एक्स्चेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, तिथं आता चपलांचं दुकान आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. उमेदीची सगळी वर्षं तिनं कानांवर हेडफोन चढवून काढली. या शहराची तार त्या शहराला जोडायची आणि बाजूला व्हायचं. ‘नंबर?’ आणि ‘बोला’ हे दोनच शब्द तिच्या वाट्याचे. बाकी सगळं ऐकणं. पलीकडचा माणूस आता रडणार आहे हे तिला त्याच्या श्वासावरून आधीच कळे. रिटायर झाली त्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला, चार शब्द बोला म्हणून. ती उभी राहिली, ‘बोला’ म्हणाली आणि खाली बसली. लोक पोट धरून हसले. तिला विनोद करायचा नव्हता.

नवरा बसचा ड्रायव्हर. शहरातून टोकापर्यंत येणारी गाडी त्याचीच. शेवटच्या थांब्यावर गाडी लावून तो परतीची वेळ होईपर्यंत भिंतीशी जाऊन बसे, आणि बसता बसता त्याला पाखरांनी नादाला लावलं. केंद्रातल्या लोकांनी आधी त्याची थट्टा केली, मग परीक्षा घेतली, मग जागा दिली. नोकरी संपल्यावर ती जागाच त्याची ओळख झाली. घरात तो साधा माणूस होता, थोडा चिडका, हरवलेला चष्मा कपाळावर घेऊन फिरणारा. टोकावर तो पुकारू लागला की सगळी भिंत श्वास धरून उभी राही.

पण ड्रायव्हरच्या शेजारी इंजिन असतं. जन्मभर त्याच्याशी मांडीला मांडी लावून बसल्यावर कान झिजतात, आणि ते वरच्या बाजूनं झिजत येतात. आधी बारीक आवाज जातात. माणसांचं बोलणं, दाराची कडी, शिव्या, हे सगळं ठणठणीत ऐकू येतं, म्हणून झीज कुणाला कळत नाही. ज्याची त्यालाही नाही.

तिला ते कळलं त्याच्या एका तापात. त्याच्या तोंडात थर्मामीटर देऊन ती भांडी लावत होती. थर्मामीटर वाजला. तो तसाच बसलेला.

"काढा आता," ती म्हणाली.

"वाजू दे की."

"वाजला."

"काहीतरीच काय? मी काय बहिरा आहे?"

तिनं तो बटण दाबून पुन्हा लावला. पुन्हा वाजला. स्वयंपाकघरभर टिटिटी, टिटिटी. तो थर्मामीटर जिभेखाली धरून, शहाण्या मुलासारखा, वाट बघत बसला होता.

त्याच्या आधी टोकाचा कान एक गायनमास्तर होते. त्यांचं ऐकणं गेलं तेव्हा केंद्राच्या प्रमुखबाईंनी त्यांना फार सांभाळून, चहा पाजून, आल्यागेल्याला माहिती सांगायचं काम दिलं. मास्तर थोडे दिवस आले. मग टोकावर काय, बाजारातही दिसेनासे झाले. खिडकीत बसतात म्हणे, रेडिओ मोठा लावून. ड्रायव्हर एकदा त्यांना भेटायला गेला होता आणि परत येऊन जेवला नव्हता.

तिनं थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. "यंदा मीही येते तुमच्याबरोबर टोकावर."

"तू? तू काय करणार तिथं?"

"ऐकणार."

त्यानं थर्मामीटरच्या डबीकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग म्हणाला, "सकाळी थंडी असते. जाड काहीतरी घाल." एवढंच. त्या गोष्टीला दोघांनी पुढं कधी नाव दिलं नाही. घरात काही गोष्टी अशा असतात की त्यांना नाव दिलं तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागते.

त्याच्या कोटाचा खिसा खोल होता. तिचा हात त्याच्या हाताबरोबर त्या खिशात जाई. एकदा दाबलं की धोबी. दोनदा दाबलं की तीरचिमणी. नख ओढलं की भारीट. चिमटा म्हणजे वटवट्या. मूठ आवळून तशीच धरून ठेवली म्हणजे कळलं नाही, गप्प राहा. तिला पाखरांची नावं येत नव्हती, यायला नकोही होती. तिच्या लेखी ती लाइनवरची माणसं होती, आणि त्यांना तिनं आपली नावं दिली होती. भारीट म्हणजे ‘एंगेज’, कारण तो थांबून थांबून एकच सूर लावतो. धोबी म्हणजे ‘रबर’, ताणून सोडलेलं. तीरचिमणी म्हणजे ‘चेन’, बॅगेची चेन झटकन ओढावी तशी. नवरा आधी वैतागला. "अगं, ते पाखरू आहे, बॅग नाही!" मग त्यानंच हिशेब लावला: ती कशाला काय म्हणते आणि ते खरं कोण असेल. कान तिचे, स्मरण त्याचं. शरदामागून शरद ते असेच उभे राहिले, आणि एकही रेघ खोटी पडली नाही.

लोकांना मात्र भलतंच दिसे. कागदावर रेघा मारणारे औषधवाले, गावातल्या औषधांच्या दुकानाचे मालक, यांना तर विषयच मिळाला होता.

"वहिनी, हात पळून नाही जायचा हो त्यांचा. आता कोण नेतंय?"

"तुम्ही कागदात बघा," ती म्हणे.

"कागदात काय आहे? सिनेमा तर इकडं आहे."

ती हसे आणि समुद्राकडं तोंड फिरवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. गर्दीत रस्ता ओलांडतानाही मनगटच धरायचा, पिशवी धरावी तसं. आता हात धरला होता तो कामासाठी. पण कामासाठी धरलेला हातही गरमच असतो. धुक्याच्या आत उभं राहून, वरून अनोळखी आवाज पडत असताना, तिला कधी कधी वाटे की आपण जन्मभर दुसऱ्यांच्या तारा जोडल्या, आणि स्वतःची ही एकच जोडली, तीही खिशात लपवून.

त्या वर्षी वारा फार दिवस उलटा राहिला. पाखरं उत्तरेला कुठंतरी अडून बसली होती. टोक रिकामं. भिंतीशी उभी असलेली माणसं एकमेकांच्या गुडघ्यांच्या चौकशा करून कंटाळली. मग एका संध्याकाळी आभाळ निवळलं, वारा फिरला, आणि सगळ्यांना कळलं की उद्याची सकाळ म्हणजे वर्षाची सकाळ. तुंबलेलं सगळं उद्या सुटणार.

आणि तिला सर्दी झाली. साधी नाही, उठली तेव्हा दोन्ही कानांत कापूस कोंबल्यासारखा. नळ वाहत होता आणि ती बघत होती, तेव्हा तिला कळलं की नळ वाहतोय. तिनं वाफ घेतली, नाक शिंकरलं, नाक दाबून कानांत हवा फुंकली. काही हललं नाही. नवरा आरशासमोर उभा राहून मफलर गुंडाळत होता. त्याच्या तोंडाकडं बघून कळत होतं की तो शीळ घालतोय.

सांगावं का? सांगितलं तर तो घरी राहणार. म्हणणार, ‘मलाही बरं नाही.’ आणि वर्षाची सकाळ त्याच्यावाचून निघून जाणार. लोक विचारणार, का आला नाही. आज विचारलं की उद्या बघणार. उद्या बघितलं की खिडकी आणि रेडिओ.

चढ चढताना कान उघडतील, असं स्वतःला सांगून तिनं कोट चढवला.

उघडले नाहीत. टोकावर धुकं इतकं होतं की भिंतीपलीकडं जग अजून व्हायचं होतं. समुद्र पायाशी आपटत असणार; तिला तो फक्त दगडातून, तळपायांना कळत होता. प्रमुखबाई आल्या होत्या, औषधवाले कागद घेऊन तयार. तिनं मनाशी ठरवलं: मूठ आवळून धरायची. सकाळभर. हे गप्प राहतील, सगळे म्हणतील, पाखरं आज फार उंचावरून गेली. होतं असं कधी कधी.

तिनं त्याच्या हाताभोवती मूठ आवळली. तो थांबला. सगळे थांबले.

मग तिला खोकला आला. भिंतीशी आवाज करायचा नाही हा नियम. तिनं ओठ मिटून तो आतच जिरवला. अंग हललं.

"तीरचिमणी!" नवरा ओरडला.

त्याचं ओरडणं तिला भिंतीआडून आल्यासारखं ऐकू आलं. तिला वाटलं, यांना दिसली असेल. धुक्यात एखादी खालून जाते. खोकला पुन्हा उचंबळला, तिनं पुन्हा दाबला.

"धोबी! अजून एक. तीरचिमणी!"

खोकला आत दाबताना तिची मूठ आवळत होती, सुटत होती, आवळत होती. त्याच्या हाताला ते सगळं कळत होतं, आणि इतक्या वर्षांत त्या हातानं त्याला एकदाही फसवलं नव्हतं. म्हणून तो पुकारत होता. आभाळात काय चाललं होतं ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. कागदावर तिचा खोकला उतरत होता.

"रांग लागली की हो!" औषधवाले रेघांवर रेघा मारत होते. "ड्रायव्हरसाहेब, जरा ब्रेक मारा, पेन्सिल झिजली!"

प्रमुखबाईंचा चेहरा उजळला होता. त्या इतरांच्या बऱ्याच आधी येत आणि सगळ्यांत उशिरा जात; या एका वाऱ्याची वाट त्यांच्याइतकी कुणी बघितली नसेल. आणि नवरा! त्याचा आवाज चढत गेला होता, मान ताठ झाली होती. तिला तो असा कधी दिसला नव्हता, बस चालवताना नाही, लग्नातही नाही. तिला शिंक येत होती. तिनं नाक दाबलं, आणि खिशातल्या हाताचं नख त्याच्या तळव्यावर ओढलं गेलं.

"भारीट! भारीट!"

एक्स्चेंजमधे चुका सगळ्यांच्याच होत. तार भलतीकडं लागायची, बोलणं मधेच तुटायचं. ते माफ होतं. पाप एकच होतं. लाइनवर कुणी नसताना ‘बोला’ म्हणणं.

तिनं हात खिशातून बाहेर काढला.

तो पुकारायचा थांबला. क्षणभर त्याचा हात खिशात तिचा हात शोधत राहिला. कोटाचं कापड हललेलं सगळ्यांना दिसलं. मग तो वळला. "काय झालं?"

ती त्याच्याशी नाही, प्रमुखबाईंशी बोलली. "मला सर्दी झाली आहे," ती म्हणाली. "म्हणून यांना आज ऐकू येत नाही."

औषधवाले खो खो हसले. "वा वहिनी! लाखात एक!" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"कान माझे होते, बाई. नावं यांची. मी हात दाबायची, हे पुकारायचे. आज माझे कान बसलेत. आत्ताच्या त्या तीरचिमण्या नव्हत्या. मी खोकत होते."

"काका?" प्रमुखबाई म्हणाल्या.

तो मफलरचं टोक हातात धरून उभा राहिला.

"आणि आधीची वर्षं?"

"आधी मला सर्दी नव्हती," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. प्रमुखबाईंनी औषधवाल्यांच्या हातून कागद घेतला आणि त्यावर आडवी रेघ ओढली. ती ओढताना त्यांचा हात सावकाश चालला. वर्षाची सकाळ त्यांचीही गेली होती. त्या रागावल्या नाहीत, पण गोडही बोलल्या नाहीत. "काकू, हे मला लिहावं लागेल. की इतकी वर्षं इथं दोघं मिळून ऐकत होती." मग त्या दुर्बीण उचलून भिंतीच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

तो उतार उतरायला लागला. ती मागून. थांब्यावर बसची वाट बघत दोघं उभी राहिली तेव्हा वरून, धुक्यावरून, पाखरं नक्कीच जात असतील. दोघांच्याही कानांना त्यांचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर तो एकदाच बोलला.

"चारचौघांत?"

"खिशात कसं सांगणार?" ती म्हणाली. "त्याला खूण ठरली नव्हती."

"एक सकाळ चालून गेली असती."

"आज खोकला लिहिला. उद्या उचकी लिहितील."

त्यानं जोडे काढले आणि खोलीत गेला. पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज. तो खिडकीत बसला नाही, रेडिओही लावला नाही. नुसता खाटेवर बसून हाताचे तळवे बघत राही. तिचे कान एका सकाळी फट् करून उघडले आणि घर एकदम मोठं झालं: घड्याळ, माशी, त्याचा श्वास. औषधवाले कफाचं औषध घेऊन आले, पैसे घेईनात. दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, प्रमुखबाईंनी विचारलंय, याल का. सध्या आमच्याकडं नुसते डोळे आहेत. साहेबांनाही सांगा, ससाणे मोजायला माणूस हवाच आहे."

आतून आवाज आला, "सांगा, साहेब मेले."

"बरं," औषधवाले म्हणाले. "मेलेल्या माणसाचा आवाज खणखणीत आहे."

ती गेली. एकटी. भिंतीशी उभी राहिली तेव्हा हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. वरून आवाज पडला. तिची बोटं आपोआप आवळली, आणि मुठीत काही नव्हतं. तोंडानं बोलावं लागणार होतं. जन्मभरात तिनं इतक्या लोकांसमोर मोठ्यानं काही म्हटलं नव्हतं.

"चेन!" ती ओरडली. मग घाईनं, "म्हणजे तीरचिमणी."

मागं पेन्सिल खरखरली. ती पुढं ओरडत गेली. उन्हं चढता चढता एक आवाज आला, अगदी बारीक, खाली घसरत गेलेला, शेवटी तुटलेला. तो तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं मूठ आवळली आणि गप्प राहिली.

दुपारी ती घरी आली तेव्हा तो ओट्याशी पाणी पीत उभा होता. तिनं चपला काढल्या, हातपाय धुतले. तो पेला घेऊन तसाच उभा.

"काय काय गेलं?" त्यानं भिंतीला विचारल्यासारखं विचारलं.

तिनं सांगितलं. तो मान हलवत गेला. मग ती म्हणाली, "एक होता, तो मला कळला नाही."

"कसा ओरडला?"

तिनं ओठ आवळून तो आवाज काढला. चांगला निघाला, हुबेहूब. तो तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. थर्मामीटरच्या वेळी होता तसाच चेहरा. फक्त आता तो वाट बघत नव्हता.

"ऐकू नाही आला," तो म्हणाला. लग्नापासून पहिल्यांदा त्यानं कशाची तरी कबुली दिली.

ती खुर्चीवर बसली. विचार केला, आणि तोच आवाज खाली उतरवून काढला. घशातून, जाडाभरडा, म्हशीनं पाखराची नक्कल करावी तसा. तिचं तिलाच हसू आलं. तो हसला नाही. पेला ओट्यावर ठेवून पुढं आला, कान तिच्या तोंडाशी नेला.

"अजून खाली घे."

तिनं अजून खाली घेतला.

"घसरतो ना तो? मग इतका लवकर नको घसरवू. आधी अडकतो, मग घसरतो. असा." आणि त्यानं काढून दाखवला, जाड्या, इंजिनाशेजारी मुरलेल्या आवाजात. ते पाखरू त्याच्या आत कुठंतरी जसंच्या तसं होतं. "माशीमार आहे तो. गाडी लावून बसायचो तेव्हा ऐकलेला. फार वर्षं झाली. शेवट तुटला होता का?"

"तुटला होता."

"मग तोच." तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "परत कर बघू. आणि तोडताना तोंड बंद कर, ते उघडंच राहतं तुझं."